लिहिण्याची उमेद कोठून आणावी?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका असून नोकरीची सारी वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात गेली. आता सकाळची उपासना आटोपली की वहीत काही प्रसंग लिहिते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, वाचून दाखवले, तेव्हा ‘छान आहे, पण प्रभूचे नाव फार कमी आले’ असे ऐकावे लागले. तेच लेखन एका मासिकाकडे पाठवले, तर ‘प्रवचनासारखे वाटते’ अशा शेऱ्यासह परत आले. आता वही उघडावीशी वाटत नाही. ख्रिस्ती लेखकाने प्रेरणा आणि उत्तेजन कोठे शोधावे? (एक वाचक भगिनी, मिरज)

उत्तर : ताई, सलाम. पत्रासोबतची तीन पाने मी दोनदा वाचली. विजापूरकडून आलेला तो म्हातारा, शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर न आलेल्या बायकोसाठी अर्धी भाकरी फडक्यात बांधून ठेवतो, ती आज काही खाणार नाही हे तुम्ही दोनदा सांगितल्यावरही ठेवतो, आणि पहाटे ती कडक झालेली भाकरी व्हरांड्यातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी नातेवाइकाला देऊन टाकतो, एवढेच तुम्ही पहिल्या दीड पानात लिहिले आहे आणि ते फार चांगले लिहिले आहे. पुढचे दीड पान मात्र ‘यावरून आपणांस असा बोध होतो’ या शब्दांनी सुरू होते. संपादकांना प्रवचन वाटले ते हे दीड पान असावे आणि मंडळीला प्रभूचे नाव सापडले नाही ते आधीच्या दीड पानात. तुमचा लेख कोणीच पूर्ण नाकारलेला नाही. प्रत्येकाने अर्धा नाकारला आहे, आणि माझे मत विचाराल तर संपादकांनी नाकारलेला अर्धा भाग खरोखरच काढून टाकावा.

मंडळीच्या आक्षेपाला उत्तर पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, आहे. एस्तेरच्या मूळ हिब्रू पुस्तकात देवाचे नाव एकदाही येत नाही, तरीही ते पुस्तक शास्त्रात आहे. तुमच्या म्हाताऱ्याच्या फडक्यातली भाकरी पाहून ज्याला प्रभूभोजन, येशूच्या स्मरणार्थ उपासनेत वाटली जाणारी भाकर, आठवायचे त्याला ते आठवेलच, आणि ज्याला आठवणार नाही त्याला खाली दीड पान लिहून आठवण करून देता येणार नाही.

आपल्याकडे लिहिणाऱ्याला पहिले वळण ‘साक्ष’ देण्यातून, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सभेत सांगण्यातून, लागते. साक्षीचा साचा ठरलेला असतो : आधी अंधार, मग प्रार्थना, मग सुटका. बुधवारच्या प्रार्थनासभेत तो शोभतो, पण कागदावर तोच साचा दहाव्यांदा आला की वाचक शेवट आधीच ओळखतो आणि मधल्या दुःखावरचा त्याचा विश्वास उडतो. बायबलच्या स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढून पाहा. ते अंधारातच संपते, कोणतीही सुटका न सांगता संपते, आणि तरीही शतकानुशतके लोक ते उपासनेत म्हणत आले आहेत. तुमच्या वॉर्डातले जे रुग्ण बरे झाले नाहीत त्यांच्याविषयी तुम्ही अजून एकही ओळ लिहिलेली दिसत नाही. माझा तर्क असा आहे की वही उघडवत नाही याचे कारण नकारापेक्षा तेथे अधिक असावे.

भाषेविषयीही एक सांगतो. ‘प्रभूने माझ्या मनावर ओझे घातले’ हे वाक्य मंडळीत कोणालाही कळते. शेजारच्या काकूंना मात्र ते ऐकून तुमची काळजी वाटेल. असे शब्द वापरूच नयेत असे नाही, परंतु ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या शेजारणीला लेख वाचून दाखवावा आणि तिचा चेहरा जेथे कोरा होईल तेथे पेन्सिलीने खूण करावी. मी ही युक्ती गेली अनेक वर्षे करीत आलो आहे आणि त्यामुळे माझे कित्येक आवडते परिच्छेद बळी गेले आहेत.

आता प्रेरणेविषयी. ती आधी यावी आणि मग आपण लिहावे, असा क्रम आपल्या परंपरेत फारसा दिसत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाने, देवदत्तांनी, आठवणी मागितल्या म्हणून त्या लिहू लागल्या, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. त्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पतीच्या धर्मांतराने झालेली ताटातूट, माहेरच्यांचा संताप, स्वतःच्या मनातले सोवळे आणि ते हळूहळू गळून पडणे, हे सारे त्यांनी स्वतःवर हसत सांगितले, आणि कोठेही कोणाला उपदेश केला नाही. म्हणून ते पुस्तक ख्रिस्ती घरांत जितके वाचले जाते तितकेच इतर घरांतही वाचले जाते. लूकनेही आपले शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचे चरित्र, आरंभी थियफिल नावाच्या एकाच माणसाला उद्देशून, सर्व गोष्टींचा बारकाईने शोध घेऊन लिहिल्याचे सांगितले आहे. तुम्हालाही असा एक मागणारा हवा. तुमच्याबरोबर रात्रपाळी केलेली एखादी मैत्रीण असेल, तर दर पंधरा दिवसांनी तिला एक प्रसंग लिहून पाठवण्याचे कबूल करा. दिलेला शब्द पाळण्याची सवय परिचारिकेला आम्हा लेखकांपेक्षा नक्कीच जास्त असते.

आणि नकाराने फारच मन खचले, तर बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय वाचा. त्याचा लेखनिक बारूख याने यिर्मयाच्या तोंडून ऐकून लिहिलेली गुंडाळी राजा यहोयाकीमापुढे वाचली जात असताना तीन-चार स्तंभ झाले की चाकूने कापून शेगडीत टाकली जात होती. पुढे बारूखाने ती सगळी पुन्हा लिहिली आणि तिच्यात तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची भर पडली. या लेखनिकाला पंचेचाळिसावा अध्यायही मिळाला आहे, अवघ्या पाच वचनांचा. त्यात तो कण्हून कण्हून थकल्याची तक्रार करतो आणि देव त्याला स्वतःसाठी मोठ्या गोष्टींची अपेक्षा करू नकोस असे बजावून फक्त जीव वाचवण्याचे वचन देतो. हे उत्तेजन पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फारच रुक्ष वाटले होते. आता मला त्याच्याएवढे प्रामाणिक दुसरे सापडत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि अभंग व ओवी या छंदांत ख्रिस्ती विषयांवर रचना करतो. मंडळीच्या तरुण संघातले मित्र म्हणतात की हे छंद ‘आपले’ नाहीत. वर्गातले मित्र म्हणतात की तुम्ही ‘आमचे’ छंद घेता. मी काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मित्रा, तुझ्या दोन्ही मित्रांना तारखा सांग. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले आणि त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आमची जुनी पुराणे गेली, आता वाचायला काही द्या, अशी नवख्रिस्ती लोकांची मागणी त्यामागे होती. तेथेही मागणारा वाचक आधी होता. मराठीत छापखाना रुळण्याच्या कितीतरी आधीपासून ओवीने येशूची कथा सांगितलेली आहे.

तुझ्या गावापुरते बोलायचे, तर नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यातच आले होते. मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी येथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा असावी, अशी त्यांची कल्पना होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ख्रिस्तचरित्रपर काव्य अपुरे होते आणि ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आपल्या उपासनेत आजही त्यांची भजने म्हटली जातात, आणि तुझ्या तरुण संघातले मित्रही ती म्हणतच असतील.

मात्र एक कठोर गोष्ट सांगतो. तू पाठवलेल्या पाच अभंगांपैकी चारांत ‘विठ्ठल’ काढून तेथे ‘ख्रिस्त’ बसवला आहे, एवढेच दिसते. अक्षरेसुद्धा एकाने कमी पडली आहेत. अशा रचनेवर वर्गातल्या मित्रांनी आक्षेप घेतला तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. पाचवा अभंग वेगळा आहे. त्यात नाताळच्या आदल्या रात्री आजोबा यवतेश्वरच्या घाटाने पायी खाली उतरतात आणि थंडीने बधिर झालेल्या हातांनी आपल्या देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवतात. तो अभंग तुझा आहे. पुढचे वर्षभर तुकोबांची गाथा रोज थोडी मोठ्याने वाच, आणि लिहिताना मात्र ती मिटून ठेव.

प्रश्न : माझ्या लेखांचे पुस्तक पदरचे पैसे घालून काढावे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : काढा, पण शंभरच प्रती काढा. जास्त छापल्या की प्रतीमागे खर्च कमी येतो, हा मुद्रकाचा हिशेब बिनचूक असतो आणि त्याच हिशेबाने माझ्या पहिल्या संग्रहाचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली अकरा वर्षे होते. त्याआधी यातले चार-पाच लेख नाताळ विशेषांक काढणाऱ्या मासिकांना पाठवून पाहा. हे अंक दोन-तीन महिने आधीच जुळवले जातात, तेव्हा नोव्हेंबरअखेर पाठवलेल्या लेखाला नकार आला तर तो लेखाच्या गुणांवरचा शेरा समजू नये.