‘कॉल ऑफ’ म्हणजे बोलावणं का नाही?

प्रश्न: ताई, चाळिशीत मी पुन्हा इंग्रजी शिकायला घेतलंय. परवा ईमेलमध्ये वाचलं, ‘द मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ’. कॉल म्हणजे बोलावणे, म्हणून तयारी करून गेले, तर खोली रिकामी. बैठक रद्द झाली होती! ‘पुट’, ‘टर्न’, ‘लुक’ यांच्यामागेही एखादा इवलासा शब्द लागला की अर्थ पार बदलतो. या जोड्या पाठ करण्यावाचून दुसरा मार्गच नाही का?
– एक वाचक

उत्तर: मार्ग आहे, आणि तुम्हाला आलेली अडचण फार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली आला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी म्हटलंय की क्रियापदाला मागून जोडल्या जाणाऱ्या या शब्दांमुळे परभाषकांची सगळ्यात जास्त अडचण होते.

मी भाषांतराला सुरुवात केली तेव्हा एका कथेत ‘ही टर्न्ड इन ॲट टेन’ असं वाक्य होतं. मी लिहिलं, ‘दहा वाजता तो आत वळला.’ खरं तर तो झोपायला गेला होता. संपादकांनी त्याभोवती पेन्सिलीने गोल केला. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली, पण तिची पानं क्रियापदांची केली नाहीत. एक पान ‘ऑफ’चं, एक ‘अप’चं, एक ‘आउट’चं.

‘ऑफ’चं पान भरू लागलं तसं त्यात सुटण्याचा, दूर होण्याचा भाव दिसू लागला. टेक ऑफ म्हणजे विमानाने जमीन सोडणं, सेट ऑफ म्हणजे प्रवासाला निघणं, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं. कुत्र्यांना हाक मारून सावजापासून मागे घेतात, त्यालाही कॉल ऑफच म्हणतात. तुमची बैठकही तशीच मागे घेतलेली.

‘अप’ पुष्कळदा काम पुरतं उरकल्याचं सांगतो. ईट अप, यूज अप. आपण ‘खाऊन टाक’, ‘संपवून टाक’ म्हणतो, तेव्हा कुठे काही टाकायचं असतं? तिथे ‘टाक’ जे काम करतो तेच इथे ‘अप’ करतो. मात्र ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे कुठल्याच पानावर बसत नाही. अशी थोडी रूपं पाठच करावी लागतात.

आपल्याला ही रीत परकी वाटू नये. संस्कृतातले २२ उपसर्ग हेच करतात. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार: धातू एकच, पण मारण्यापासून फिरण्यापर्यंत अर्थ कुठल्या कुठे जातात. आपण पुढे जोडतो, इंग्रजी बहुधा मागे. ‘विदस्टँड’सारख्या शब्दांत मात्र तिनेही पुढेच जोडलंय. ‘विथ’चा जुना अर्थ ‘विरुद्ध’ होता, म्हणून विरुद्ध उभं राहणं, टिकाव धरणं. मला हा शब्द फार आवडतो.

आता एक गोष्ट, जी व्याकरणाच्या तासाला क्वचितच नीट समजावली जाते. ‘लुक आफ्टर हर’ म्हणजे तिची काळजी घे. इथे ‘आफ्टर’ खरोखर शब्दयोगी अव्यय आहे, ते ‘हर’च्या आधीच येणार. पण ‘कॉल ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियाविशेषणासारखा क्रियापदाला चिकटलेला असतो. म्हणून नाम आलं तर ‘कॉल ऑफ द मीटिंग’ आणि ‘कॉल द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतात. सर्वनाम आलं की मात्र ते मधेच बसतं, ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ चूक. बोलताना जोरही ‘ऑफ’वर येतो. तो ऐकायची सवय लावा, कारण ‘लुक ॲट इट’ म्हणताना ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो.

तेव्हा नवी वही घ्या. ‘ऑफ’च्या पानावर पहिलं वाक्य तुमचंच असू द्या: ‘दे कॉल्ड इट ऑफ’. सुटी जोडी लिहू नका, जिथे भेटली ते अख्खं वाक्य लिहा.