वाचकांचे प्रश्न : नदीतील मासे आणि जड धातू

प्रश्न : आमच्या घरी रोहू, मरळ आणि अधूनमधून शिंगटी आणली जाते. सुनेला पाचवा महिना लागला आहे. मासे मीठ-हळद लावून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन नीट शिजवले, तर त्यांतील शिसे आणि पारा निघून जातो का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : नाही. मीठ-हळदीने माशाचा बुळबुळीतपणा आणि उग्र वास जातो, शिजवल्याने जंतू मरतात. परंतु धातू उष्णतेने नष्ट होत नाही, आणि माशातील पारा बहुतांशी मिथाइल पाऱ्याच्या रूपात मांसातील प्रथिनांनाच चिकटलेला असतो. उलट शिजताना पाणी आटत असल्यामुळे दर ग्रॅममागे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच.

शिसे आणि कॅडमियम यांची गोष्ट निराळी आहे. ते मांसापेक्षा कल्ले, काळीज, मूत्रपिंड आणि (शिसे विशेषतः) हाडांत अधिक साठतात. म्हणून कल्ले व आतील सर्व भाग काढून टाकल्याने येथे खरोखर फरक पडतो. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक माशांना मात्र हा उपाय लागू पडत नाही.

मरळ इतर मासे खाते, त्यामुळे तिच्यात पारा साखळीने चढत जातो, आणि मासा जितका मोठा व वयस्क तितका साठा अधिक. शिंगटी तळाशी चरते आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातील धातू तळाच्या गाळातच बसतात. रोहू व कटला त्या मानाने बरे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्यासाठी आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे. ६० किलोच्या स्त्रीसाठी ती ९६ मायक्रोग्रॅम होते, म्हणजे भारतात मान्य असलेल्या ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो या कमाल पातळीचा मासा असेल, तर आठवड्याला ३८४ ग्रॅम. शिशाची अशी मर्यादा त्याच समितीने २०१० मध्ये मागे घेतली, कारण निर्धोक पातळी सांगताच येईना.

मिथाइल पारा वारेतून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. तरीही मासे पूर्ण बंद करू नयेत, बाळाला त्यांतील प्रथिने व स्निग्धाम्ले हवीच असतात. सुनेसाठी मध्यम आकाराचा रोहू किंवा कटला आठवड्यातून दोनदा आणावा, मरळ व शिंगटी बाळंतपणापर्यंत टाळावी, आणि विक्रेत्याला मासा गंगापूर धरणातला, शहराच्या खालच्या अंगाचा की तळ्यातला, हे स्पष्ट विचारावे.