आमच्या पार्कच्या ‘जंगल’ भागात दोन नवीन राईड वाढवायच्या आहेत. कोणत्या घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की जंगल भागात सध्या तीन राईड आहेत, सुट्टीच्या दिवशी लोक मावत नाहीत आणि सप्लायरने पेंड्युलम (लंबकासारखी झुलणारी राईड) आणि ड्रॉप टॉवर (माणसांना उंच नेऊन एकदम खाली सोडणारा मनोरा) सुचवलाय. हे वाचून गप्प बसवेना. पेंड्युलम घेऊ नका. घ्यायचाच असेल तर आधी तो घेऊ नका.

मी एका मोठ्या पार्कात राईड ऑपरेशन्सला होतो. नाव सांगत नाही. आमच्याकडे एक भाग खेडेगावाच्या थीमचा होता. कौलारू छपरं, पार, उभी करून ठेवलेली बैलगाडी, सगळं झकास. राईड मात्र दोनच धड होत्या, एक फिरता झोका आणि एक पोरांची आगगाडी. रविवारी दोन्हीकडे रांगा. अजून एक राईड हवी यावर कोणाचं दुमत नव्हतं. मार्केटिंगच्या साहेबांना होर्डिंगवर शोभेल असं काहीतरी उंच हवं होतं. मीटिंगमध्ये ब्रोशर फिरलं. पेंड्युलम, 24 सीट, एका फेरीला चढ-उतारासकट 3 मिनिटं, ताशी 480 माणसं. मी विचारलं, “साहेब, ही 3 मिनिटं कुठल्या देशातली?” लोक हसले आणि ऑर्डर गेली.

आता प्लॅटफॉर्मवर काय होतं ते ऐका. फेरी थांबते, सीटवरचे सुरक्षेचे बार उघडतात, उतरलेले 24 जण चपलांच्या रॅककडे धावतात. त्याच रॅकपाशी पुढचे 24 जण चपला काढत उभे. दादर स्टेशनवर उतरणारे आणि चढणारे एकाच दारात अडकावेत, तसा प्रकार. कोणाचा मोबाईल खिशातच, कोणाचा चष्मा डोळ्यांवर. ओढण्या सोडवून बॅगेत ठेवायच्या, त्या बॅगा कोणीतरी धरायच्या. एक काकू पदर खोचून हौसेने बसलेल्या, पण निऱ्यांचा घोळ सीटच्या कडेला दाबला गेलेला, त्यामुळे त्या पुढे सरकलेल्या आणि खांद्यावरचा बार शेवटच्या खाचेत बसत नाही. बार बसत नाही तोवर पॅनेलवर दिवा हिरवा होत नाही आणि दिवा हिरवा झाल्याशिवाय राईड सुटत नाही, सुटूही नये. ऑपरेटर पोरगी “काकू, पाठ टेकवा, अजून मागे” करत असते, तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कॉलेजच्या ग्रुपमधला एक जण म्हणतो, मला उतरायचंय. सगळे बार पुन्हा उघडा, सगळे पुन्हा हाताने ओढून तपासा.

मी स्टॉपवॉच लावून बसायचो. फेरी सुटल्यापासून पुढची फेरी सुटेपर्यंत रविवारी 6 मिनिटं. म्हणजे ताशी 10 फेऱ्या, 240 माणसं. ब्रोशरच्या बरोबर निम्मी. रांगेची जागा मात्र 480 च्या हिशेबाने आखलेली. शेपूट बाहेर आलं आणि आगगाडीकडे जाणाऱ्या वाटेवर आडवं पसरलं. लोकांना वाटायचं ही रांग आगगाडीचीच, ते लांबूनच वळायचे. गर्दी पांगवायला आणलेल्या राईडने जुन्या राईडची गिऱ्हाईकं पळवली आणि स्वतः पुरी पडली नाही ती नाहीच. मी आकडे लिहून वर दिले. साहेब म्हणाले, “रांग दिसतेय म्हणजे राईड हिट आहे.” यावर माणसाने काय बोलायचं!

माझी मागणी बोटींची होती, आणि तो शोध काही माझा नव्हता. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये 1972 साली बेअर कंट्री नावाचा भाग उघडला. पार्काच्या एका टोकाला, पुढे रस्ताच नाही अशा जागी. लोक तिकडे फिरकायचे नाहीत. त्यावर त्यांनी 1989 मध्ये तिथे स्प्लॅश माउंटन आणली. ओंडक्याच्या आकाराच्या बोटी, लांबलचक पाण्याचा मार्ग, वाटेत गाणारी यांत्रिक जनावरं आणि शेवटी 50 फुटांच्या आसपासची घसरण. त्यातली बरीच जनावरं 1988 मध्ये बंद झालेल्या एका दुसऱ्या शोमधून उचललेली. भागाचं नावही राईड येण्याआधीच बदलून क्रिटर कंट्री केलं. 2023 मध्ये ती बंद केली, तर 2024 मध्ये पाण्याचा मार्ग जवळपास तोच ठेवून नवी कथा चढवली. काँक्रीट एकदाच ओतलं, कथा बदलत राहिली. थीमवाल्या भागात राईड वाढवायची ती अशी.

उलटं उदाहरणही त्याच पार्कातलं. तिथल्या टुमॉरोलँड नावाच्या भागात 1967 पासून पीपलमूव्हर नावाची रमतगमत जाणारी गाडी होती. ती 1995 मध्ये बंद झाली आणि तिच्याच उंचावरच्या मार्गावर 1998 मध्ये रॉकेट रॉड्स नावाच्या वेगवान गाड्या सोडल्या. वळणांना आतल्या बाजूला उतार दिलेला नव्हता, कारण जुन्या गाडीला त्याची गरजच नव्हती. त्यामुळे प्रत्येक वळणाआधी ब्रेक, वळण संपलं की पुन्हा वेग. सतत बिघाड. 2000 मध्ये गाशा गुंडाळला. तेव्हा सप्लायर उद्या म्हणाला की तुमच्या जुन्या फाउंडेशनवरच नवी राईड बसवून देतो, पैसे वाचतील, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

बोटींचा हिशेब सोपा आहे. 6 सीटची बोट दर 30 सेकंदांनी सुटली तर ताशी 120 बोटी, 720 माणसं. एका बोटीत काकूंना वेळ लागला तर मागच्या दोन बोटी थोड्या तुंबतात, 24 जण ताटकळत नाहीत. डिस्नीच्या 1969 च्या हाँटेड मॅन्शनमध्ये तर गाड्यांची साखळी थांबतच नाही, लोक सरकत्या पट्ट्यावरून चालत चढतात. ताशी दोन हजारांच्या वर माणसं जातात. ते तुमच्याआमच्या बजेटचं काम नाही. पण चढ-उतार चालू असताना सगळी राईड ठप्प होते का, हा प्रश्न फिरत्या झोक्यालाही विचारता येतो.

ड्रॉप टॉवरबद्दल एवढंच, की तो जंगलाच्या मधोमध उभा केलात तर तुमची झाडं, झोपड्या आणि फायबरचे हत्ती सगळे त्याच्या पायाशी खेळण्यासारखे दिसतील. डिस्नीने 1959 मध्ये मॅटरहॉर्नचा डोंगर उभारला तो दोन भागांच्या सीमेवर, रोलर कोस्टर त्याच्या पोटात. तुम्हीही टॉवर कडेला, गेटच्या बाजूला न्या. तिथे तो जाहिरातीचं काम करेल. थीमचं करणार नाही.

आता, बोटी म्हणजे पंप, फिल्टर आणि विजेचं बिल, हे मला माहीत आहे. तुमच्याकडे मे महिन्यात टँकर येत असेल तर मी वर लिहिलेलं निम्मं रद्द समजा आणि अंधारातून संथ जाणारी छोटी गाडी बघा, ती पावसाळ्यातही चालते. कॉलेजची पोरं बोटींसाठी लांबून येत नाहीत, त्यांना पोटात गोळा आणणारं काहीतरी लागतंच, हेही खरं. म्हणून दुसरी राईड तशी घ्या. पण दुसरी.

सप्लायर कोणता हे तुम्ही विचारलंय. नाव सुचवणार नाही. त्याच्याकडे ब्रोशरचा आकडा मागू नका, तेच मॉडेल आपल्याकडे कुठल्या पार्कात चालू आहे ते विचारा आणि रविवारी दुपारी स्वतः तिकीट काढून तिथे उभे राहा. सुटलेल्या फेरीपासून पुढची सुटेपर्यंतची वेळ फोनवर मोजा, निदान दहा फेऱ्या. आमच्या वेळी तीन साहेब परदेशात जाऊन फॅक्टरी बघून आले. फॅक्टरीत राईड रिकामी फिरत होती, बरोबर 3 मिनिटांत.