फोन लागत नाही तेव्हा

"मॅडम, फोन लागला नाही की जीव वरखाली होतो. काहीतरी वाईट झालंय असंच वाटतं." भुसावळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाचा नवरा सुरतेला.

या ताई चौतिशीच्या, माहेर यावलकडचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवरा रेल्वे इंजिनावर, म्हणजे ड्युटीवर मोबाईल बंद. या वीस-वीस वेळा फोन लावायच्या. छाती धडधडायची, पण ईसीजी चांगला होता. तो आधी काढून घ्या, असं मी सगळ्यांनाच सांगते.

चार महिने आम्ही नवऱ्याबद्दलच बोललो. मग एकदा मलाच दहा मिनिटं उशीर झाला. पाहते तर ताई चौकट धरून उभ्या, पदराचं टोक मुठीत.

"वाटलं, तुम्ही येतच नाही आता."

"अशी दारात कुणाची वाट पाहिली होती?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आजी सांगायची. मी दीड वर्षाची असताना आईला टीबी झाला, दवाखान्यात ठेवलेलं. एसटी थांबली की मी ओट्यावर पळायची. 'माय उनी का?' आई आली का, म्हणून."

लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा एक लेख त्यांच्या पश्चात, १९७४ मध्ये छापला गेला. ज्या कोसळण्याची माणूस धास्ती घेतो ते होऊन गेलेलं असतं, असं त्यात आहे. तेव्हा ते सोसण्याइतकं मन घडलेलं नसतं, म्हणून ते पुढे वाढून ठेवल्यासारखं वाटत राहतं. वाचलं अनेकदा होतं, दिसलं त्या दिवशी. प्रश्न नेमका सुचला, याचं समाधान आहेच.

"ताई, ते होऊन गेलंय," एवढंच मी म्हणाले. त्या खूप रडल्या.

धडधड एका दिवसात जात नाही. दुसऱ्यांदा फोन लावण्याआधी स्वतःला विचारा, आत्ता मी किती वर्षांची आहे? लहान मुलांना नजर चुकवून सोडून जाऊ नका. रडली तरी सांगून जा. आणि आईवर खापर फोडू नका. विनिकॉट 'पुरेशी चांगली' आई म्हणत, बिनचूक नव्हे. टीबी झालेल्या बाईने करायचं तरी काय होतं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी गेल्या. खापरावर मांडे टाकता टाकता आईला विचारलं. आईचा हात थांबला.

"परत आले, तर तू मला ओळखलंच नाहीस. आजीच्या लुगड्यात तोंड लपवलंस."