टाइल्स नंतर, आधी बादली

अगं, बाथरूम पोरासाठी सुरक्षित करायचं म्हणून लगेच टाइल्स फोडायला काढू नकोस. आधी बादली बघ. पाणी जातं म्हणून आपण भरून ठेवतो ना, तीच सगळ्यात धोक्याची, दीड वर्षाचं पोर वाकलं की डोक्यावर आत जातं आणि चार बोटं पाण्यातही जीव गुदमरतो, म्हणून रिकामी करून पालथी घाल, भरून ठेवावीच लागली तर बाथरूमला बाहेरून कडी.

बाकी आत्तापुरतं एवढंच:
- गीझर ५० डिग्रीच्या वर नको. बादलीत आधी गार, मग गरम, तरी कोपर बुडवून बघच.
- आतली कडी वर सरकव, पोरं हमखास कोंडून घेतात.
- अ‍ॅसिड, फिनेल वरच्या फळीवर.
- स्टूल रबरी बुचांचं घे, कार्टूनवालं गुळगुळीत पायांचं ओल्या फरशीवर सरकतं.

पॉटी सीटचं नंतर बोलू.