कॅरिबियन म्हणजे नुसतं क्रिकेट का?

प्रश्न: जमैकाकडची एक तत्त्वज्ञानाची संस्था अभ्यासकांसोबत चळवळीतल्या लोकांचाही सन्मान करते असं वाचलं. तत्त्वज्ञानाचा पुरस्कार कार्यकर्त्याला कसा काय? आणि खरं सांगायचं तर कॅरिबियन म्हटलं की मला क्रिकेट सोडून काही आठवत नाही.

उत्तर: ती कॅरिबियन फिलॉसॉफिकल असोसिएशन. 2000 नंतर जमैकात, वेस्ट इंडिज युनिव्हर्सिटीच्या मोना कॅम्पसवर सुरू झाली. त्यांचा मोठा पुरस्कार फ्रांत्झ फॅननच्या नावाने आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर त्या नावातच आहे, कारण फॅनन तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर नव्हताच. तो मार्टिनिक या कॅरिबियन बेटावर 1925 ला जन्मलेला मनोविकारतज्ज्ञ, अल्जेरियात ब्लिदाच्या हॉस्पिटलात नोकरीला, तिथे फ्रेंच पोलिसांनी छळलेले लोकही पेशंट म्हणून यायचे आणि छळ करणारे पोलिसही, शेवटी 1956 ला राजीनामा देऊन तो सरळ फ्रेंचांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला आणि 36 व्या वर्षी ल्युकेमियाने गेला. त्याचं शेवटचं पुस्तक पुढे अमेरिकेतल्या, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथरवाल्यांनी वाचून काढलं, आणि त्या पँथरवरून 1972 ला मुंबईत आपल्या दलित पँथरचं नाव आलं. म्हणजे धागा आपल्यापर्यंत येतोच, फक्त आपण तो अमेरिकेपाशी सोडून देतो.

गुलामगिरी आणि वसाहत ज्यांनी भोगली त्यांना 'माणूस म्हणजे कोण' हा प्रश्न वर्गात बसून पडलेला नाही, त्यामुळे तिथे विचार करणारा आणि रस्त्यावर उतरणारा बऱ्याचदा एकच असायचा. क्लॉडिया जोन्स बघा, त्रिनिदादची, कम्युनिस्ट म्हणून 1955 ला अमेरिकेने हाकललं, लंडनला येऊन पेपर काढला, कार्निव्हल भरवला, आज हायगेटला मार्क्सच्या शेजारी तिची कबर आहे.

पण सन्मानाचंच विचारलंत तर मला वॉल्टर रॉडनी सगळ्यात आधी आठवतो. गयानाचा इतिहासकार. 1968 मध्ये जमैका सरकारने त्याला देशात परत येऊ दिलं नाही तर किंग्स्टनमध्ये दंगल झाली, कारण हा माणूस युनिव्हर्सिटीत शिकवून झालं की वस्त्यांमध्ये जाऊन रस्ताफारियन (जमैकातल्या गरीब काळ्या लोकांचा धर्मपंथ) लोकांशी बोलत बसायचा. 1974 ला मायदेशी प्रोफेसरची नोकरी ठरली होती, सरकारने ती होऊ दिली नाही, मग 13 जून 1980 ला जॉर्जटाऊनमध्ये गाडीत बॉम्ब फुटून तो गेला. वय 38. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात काय, तर 'बेरोजगार'. नोकरी घालवणारं सरकार आणि दाखला देणारंही सरकार! 1993 ला त्याला देशाचा सर्वोच्च किताब मरणोत्तर दिला, तरी दाखला तसाच. 2016 च्या चौकशी अहवालात या खुनात सरकारचाच हात होता असं आलं आणि 2021 ला कुठे त्या रकान्यात 'प्रोफेसर' लिहायचं ठरलं. मला विचाराल तर किताबापेक्षा ही दुरुस्ती मोठी.

प्रश्न (त्यांचाच): बरं, मग वाचायला सुरुवात कुठून करू?

उत्तर: क्रिकेट आवडतं ना, मग सी. एल. आर. जेम्स. त्रिनिदादचा, इंग्लंडमध्ये क्रिकेटच्या बातम्या लिहून पोट भरायचा आणि 1938 ला हैतीतल्या गुलामांच्या क्रांतीवर 'द ब्लॅक जॅकोबिन्स' लिहून मोकळा झाला. वेस्ट इंडिजचा कॅप्टन गोराच का, म्हणून याने पेपरमधून मोहीम चालवली आणि 1960 मध्ये फ्रँक वॉरेल कॅप्टन झाला. हो, तोच वॉरेल, डोक्याला बॉल लागलेल्या आपल्या कॅप्टनला, नरी कॉन्ट्रॅक्टरला रक्त देणारा. जेम्सचं 1963 चं 'बियाँड अ बाउंडरी' आधी घ्या, फॅनन नंतर. फॅनन झोपायच्या आधी वाचायचं काम नाही.