खडकात अडकलेले तेल आणि फेसाचे काम

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत काम करतो. सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूचे कोअर कडक करण्यासाठी आम्ही कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरतो. हाच वायू जमिनीत सोडून तेल काढतात आणि त्याच्या जोडीला साबणासारखा फेसही वापरतात, असे ऐकले. वायूच्या रेट्याने तेल वर येत असेल, तर फेसाचे तेथे काय काम?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : आधी रेट्याविषयीचा समज थोडा दुरुस्त करू. तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते. ते वाळूखडकाच्या किंवा चुनखडकाच्या बारीक छिद्रांत, ओल्या विटेतल्या पाण्यासारखे भरलेले असते. विहीर खणल्यावर नैसर्गिक दाबाने त्यातला थोडा भाग वर येतो, मग शेजारच्या विहिरींतून पाणी दाबून आणखी काही तेल लोटले जाते. तरीही बहुतेक क्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहते. पाणी आणि तेल मिसळत नाहीत, त्यामुळे पाणी पुढे निघून जाते आणि तेलाचे थेंब छिद्रांच्या अरुंद गळ्यांत अडकून बसतात. कार्बन डायऑक्साइडचा खरा उपयोग येथे होतो, कारण तो तेलात विरघळतो. विरघळल्यावर तेल फुगते, पातळ होते, आणि दाब पुरेसा असेल तर वायू व तेल यांच्यातली सीमाच जवळजवळ पुसली जाऊन अडकलेले थेंब सुटतात.

आपल्या सिलिंडरवरूनच पुढचे समजेल. हा वायू ३१ अंश सेल्सियसच्या खाली दाबून द्रवरूप करता येतो. त्याहून अधिक तापमानाला कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही, म्हणजे एप्रिलमधल्या कोल्हापूरच्या दुपारी उन्हात ठेवलेल्या सिलिंडरात काटेकोर अर्थाने द्रव उरलेलाच नसतो. तापमान ३१ अंशांच्या वर आणि दाब वातावरणाच्या सुमारे ७३ पटींच्या वर गेला, की तो एका विलक्षण अवस्थेत जातो : घनता द्रवासारखी, पण दाटपणा, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, वायूसारखा. एखाद किलोमीटर खोलीवर ही स्थिती सहज असते. तेथे त्याचा दाटपणा साध्या पाण्याच्या दशांशाहूनही कमी भरतो, आणि सगळी अडचण येथूनच सुरू होते. पातळ पदार्थाने दाट पदार्थ लोटू गेल्यास तो सरळ आघाडी करून पुढे सरकत नाही. बोटे फुटावीत तसा ठिकठिकाणी घुसतो, मोकळ्या वाटा शोधतो, हलका असल्यामुळे थराच्या माथ्याशी चढतो आणि तेलाला बगल देऊन थेट उत्पादन विहिरीत निघतो. महागडा वायू एका विहिरीतून घालायचा आणि दुसरीतून तसाच परत घ्यायचा, असा तो व्यवहार होतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे पाळीपाळीने पाणी आणि वायू सोडणे. फेस हा त्याच्या पुढचा टप्पा आहे. वायूच्या साहाय्याने तेल काढताना फेस वापरण्याच्या कल्पनेचे पेटंट बाँड आणि होलब्रुक यांनी अमेरिकेत १९५८ मध्ये घेतले होते.

हा फेस बहुधा वरून तयार करून सोडत नाहीत. फेसकारक रसायन मिसळलेले पाणी आणि वायू आलटून पालटून सोडले, की खडकाच्या छिद्रांतच पाण्याचे अतिशय पातळ पापुद्रे ताणले जातात आणि वायूची वाट अडते. वायू स्वतः दाट होत नाही, पण त्याला पापुद्र्यामागून पापुद्रा ढकलत जावे लागते. यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की रुंद छिद्रांच्या खडकात फेस अधिक टिकतो, कारण अरुंद छिद्रे पाणी ओढून घेऊन पापुद्रे कोरडे पाडतात आणि ते फुटतात. म्हणजे ज्या मोकळ्या वाटेने वायू पळून जातो नेमकी तीच वाट फेस बुजवतो, आणि वायूला अजून न धुतलेल्या घट्ट खडकाकडे वळावे लागते.

आता अडचण. आपण गुऱ्हाळावर गेला असाल तर पाहिले असेल : मळी काढून झाल्यावर रस रटरटू लागतो, फेस काहिलीच्या काठापर्यंत चढतो, आणि गुळव्या त्यावर थोडेसे तेल शिंपडतो; हातभर वर आलेला फेस पाहता पाहता खाली बसतो. तेल हे फेसाचे वैरी आहे, आणि ज्या जागी आपल्याला फेस हवा ती जागा तर तेलाचीच! पण नीट विचार केला तर हा दोष अर्धा गुणही ठरतो. जेथे तेल शिल्लक आहे तेथे फेस मोडतो आणि वायूला वाट मिळते. जेथले तेल निघून गेले आहे तेथे फेस टिकतो आणि वायूला थोपवतो. प्रत्यक्षात हे इतके सरळ घडत नाही. रसायनाचा बराच भाग खडकाच्या पृष्ठभागाला चिकटून वाया जातो, खारट पाणी आणि उष्णता त्याला निकामी करतात, आणि फेस फार घट्ट झाला तर वायू आत दाबणेच कठीण होते. वायू सोडण्याची पद्धत टेक्सासमधील केली-स्नायडर क्षेत्रात १९७२ पासून चालू आहे. फेसाचा वापर मात्र अजूनही बहुतांशी चाचण्यांच्या पातळीवर आहे, याचे कारण हा खर्चाचा हिशेब आहे.

प्रश्न : आत सोडलेला कार्बन डायऑक्साइड खालीच राहतो का? मग हा हवामानबदलावरचा उपाय मानावा का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : काही भाग तेलासोबत वर येतो, तो वेगळा करून, दाबून, पुन्हा आत सोडतात. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्यावर घातलेल्या वायूचा मोठा वाटा खडकातच राहतो. मात्र एक पिंप तेल जाळले, की सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे हिशेबात धरलेच पाहिजे. शिवाय वायू कोठून आणला यावर बरेच अवलंबून आहे. कॅनडातील वेबर्न क्षेत्रात २००० पासून वापरलेला वायू उत्तर डकोटातील कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्याचा आहे. तो एरवी हवेतच गेला असता. उलट टेक्सासमध्ये वापरला जाणारा बराचसा वायू कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोतील भूगर्भातल्या नैसर्गिक साठ्यांतून काढतात. जमिनीतून काढून पुन्हा जमिनीत घालण्याला हवामानाचा उपाय म्हणणे मला पटत नाही.

प्रश्न : आमच्या भागातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघणारा वायू या कामी देता येईल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : शुद्धतेच्या दृष्टीने तो उत्तम आहे, किण्वनाच्या टाकीतून निघणाऱ्या वायूत पाण्याची वाफ आणि अल्कोहोलचा अंश सोडला तर जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइडच असतो. एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो वायू निघतो, म्हणजे रोज ३०,००० लिटर अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीतून साडेबावीस टनांच्या आसपास. वेबर्नमध्ये सुरुवातीलाच दिवसाला सुमारे ५,००० टन वायू लागत होता. कोल्हापूरच्या पायाखाली बेसाल्टचा काळा खडक आहे, तेल नाही. इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांनी २०१९ मध्ये या कामासाठी ज्या गंधार क्षेत्राबाबत करार केला ते भरूच जिल्ह्यात, येथून सहा-सातशे किलोमीटरवर आहे, आणि त्यांचा वायू जवळच्या कोयली तेलशुद्धीकरण कारखान्यातून यायचा आहे. एवढ्या अंतरावर टँकरने वायू पाठवल्यास डिझेलच वायूच्या किमतीला भारी पडेल, त्यामुळे सोडावॉटर, कोरडा बर्फ आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या हेच डिस्टिलरीचे जवळचे गिऱ्हाईक.